लालजिभीचा पत्ता मी देणार नाही

मागच्या डिसेंबरात मी याच ब्लॉगवर एक फोटो टाकला होता. शिरूर कासार तालुक्यातल्या एका डोंगरउतारावरचं झुडूप, त्याला फिकट पिवळसर-पांढरी फुलं आणि फुलांतून बाहेर आलेले लांबलांब दोरे. फोटो छान आला होता आणि तुम्ही सगळ्यांनी त्याला भरभरून बदाम दिले होते. फोटोखाली मी एक वाक्य लिहिलं होतं, ‘या झुडपाला गावात कुणीच ओळखत नाही.’ मोठ्या ऐटीत लिहिलं होतं, जणू मीच त्याचा शोध लावला होता.

फेब्रुवारीत रफिकभाईंचा फोन आला. रफिकभाईंचं बीडला गॅरेज आहे. त्यांच्याकडे एक जुनी जीप आहे आणि डिसेंबरात तीच जीप घेऊन आम्ही त्या उतारावर गेलो होतो.

“ताई, तुमचा फोटू इकडं लई फिरायलाय.”

मी खूश झाले.

“खूश नका होऊ. सरपंचानं गावच्या ग्रुपवर टाकला, हे झुडूप कुणी वळखतंय का, कुणाच्या कामाचं हाय का म्हणून. समदे म्हणले न्हाई. आता गायरानावर जेसीबी लागलाय. झुडपं काढून झाडं लावायचीत. कुणी काय बोललं की तुमचं ते वाक्य दाखवायलेत, पुण्याच्या मॅडमनी बी लिवलंय म्हणून.”

फोन ठेवला आणि मला स्वतःचा इतका राग आला की विचारू नका. मुळात ‘गावात कुणीच’ म्हणजे मी किती जणांना विचारलं होतं? टपरीवर चहा पिणाऱ्या तिघांना. तिघेही पुरुष. एक ट्रॅक्टरवाला, एक शेजारच्या गावचा पाहुणा आणि एक टपरीवाला स्वतः. तेवढ्यावर मी अख्ख्या गावाच्या वतीनं निकाल देऊन मोकळी झाले होते. माझं माहेर याच जिल्ह्यातलं घाटनांदूर, म्हणजे मी काही परकी नाही. मला तर हे कळायलाच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या कार्यालयात (मी तिथे काम करते) तीन दिवसांची रजा टाकली. बीडला चालले म्हटल्यावर शेजारच्या टेबलावरून प्रश्न आला, “कुणी आजारी आहे का?” नाही म्हटलं, फिरायला चालले. “बीडला? फिरायला? तिथं आहे काय?” हा प्रश्न मी आयुष्यभर ऐकत आलेय. दुष्काळ आणि ऊसतोड या दोन शब्दांत आमचा जिल्हा गुंडाळून लोक मोकळे होतात. एरवी मी हसून सोडून देते, त्या दिवशी नाही सोडलं. म्हटलं, “आहे काय ते तुम्हाला दिसत नाही, एवढंच.” मग दिवसभर त्या बाई माझ्याशी बोलल्या नाहीत आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

पुण्याहून सकाळी लवकरची एसटी घ्या. नगर, कडा, आष्टी, जामखेड करत बीडला पोचायला सहा-सात तास लागतात. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खिशाला जड जात नाही. खिडकी डावीकडची धरा, दुपारी ऊन लागत नाही. कडा सोडलं की डोंगर सुरू होतात. उंच नाहीत आणि हिरवे तर मुळीच नाहीत, पण फेब्रुवारीच्या उन्हात त्यांचा तांबूस रंग मला फार आवडतो. ज्यांना हिरवंगार हवंय त्यांनी कोकणात जावं, माझी ना नाही.

बीडला उतरून मी थेट नलिनी मॅडमकडे गेले. मॅडम वनस्पतीशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. सत्तरी ओलांडलेली, गुडघ्याला पट्टा आणि आवाज अजून वर्गातलाच. त्यांच्याकडे जायचं कारण असं, की रफिकभाईंचा फोन आल्यावर मी तो फोटो झाडं ओळखणाऱ्यांच्या एका ग्रुपवर टाकला होता. तिथं चांगले जाणकार आहेत, पण तिघांनी तीन नावं दिली. एकानं तर बागेतून पसरलेलं विदेशी झुडूप म्हणून निकालच लावला. मला काय हवं होतं ते मी सरळ सांगते. मला हवं होतं की ते झुडूप अतिदुर्मीळ निघावं. नामशेष होत आलेलं, जगात फक्त त्या एका उतारावर उरलेलं. म्हणजे तसा कागद मॅडमकडून लिहून घ्यायचा, सरपंचांच्या हातात ठेवायचा आणि जेसीबी परत पाठवायचा.

मॅडमनी चष्मा चढवून फोटो पाहिला. “फूल सुंदर आहे. पान कुठाय?”

पान फोटोत धूसर झालं होतं. तसं केल्यानं फूल उठून दिसतं.

“फांदी? फळ? मागचं खोड? उंची कळायला शेजारी एखादं माणूस?”

“नाही मॅडम.”

“मग त्या तिघांचा काय दोष? तुम्ही लग्नाच्या अल्बमसारखा फोटो काढलाय आणि वर विचारताय, मुलगी कुणाची. उद्या मला घेऊन चला तिथं.”

“मॅडम, चढ आहे.”

“गुडघे माझे आहेत ना? मग मी बघते.”

रात्री त्यांच्याकडेच जेवले. येसरची, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या मसालेदार पिठाची आमटी, ज्वारीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. लॉजचे पैसेही वाचले. तुम्ही गेलात तर स्टँडजवळ साधे, स्वच्छ लॉज आहेत. आमटी मात्र कुणाच्या घरी मिळाली तरच खा, हॉटेलात तिचा नुसता रस्सा करून टाकतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला रफिकभाई जीप घेऊन दारात हजर. मागच्या सीटवर मॅडमसाठी उशी आणली होती. बीडहून शिरूर कासारच्या बाजूला सव्वा-दीड तास लागतो. रस्ता अर्धा चांगला आणि अर्धा रफिकभाईंच्या शब्दांत “टायरवाल्याच्या भल्याचा”. वाटेत एका शेतात हुरड्याची आगटी पेटली होती. शेवटचा शेवटचा हुरडा होता. शेतकऱ्यानं थांबवलं, कणसं चोळून ओंजळीत दिली आणि पैसे विचारल्यावर तोंड फिरवलं. शेंगदाण्याच्या चटणीबरोबर उभ्याउभ्या खाल्ला.

गावात पोचलो तर अर्ध्याहून जास्त घरांना कुलपं होती. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दिवाळी झाली की इथली निम्मी माणसं ऊसतोडीला जातात, साखर कारखान्यांच्या मुलखात, पार कर्नाटकापर्यंत. परत येतात ती पाडव्याच्या आसपास, कधी त्याच्याही नंतर. मागं राहतात म्हातारी माणसं, शाळकरी पोरं आणि शेळ्या.

उतारावर गेलो. खालची सबंध पट्टी उघडी झाली होती. मुळं वर करून झुडपं एका रांगेत पडली होती आणि त्यांच्या जागी चौकोनी खड्डे घेतले होते. जेसीबी बाजूला उभा होता, ड्रायव्हर न्याहारीला गेलेला. डिसेंबरात मी फोटो काढलेलं झुडूप त्याच रांगेत होतं. मी ते शेजारच्या दगडावरून ओळखलं.

वरच्या अंगाला शेळ्या चरत होत्या आणि त्यांच्यामागे हातात काठी घेतलेली एक बाई. साठीची असेल. केसरबाई. शेळ्या तीसेक तरी होत्या.

“समद्या तुमच्याच, मावशी?” रफिकभाईंनी विचारलं.

“माझ्या कशाच्या? माझ्या चार. बाकीच्या गेलेल्यांच्या. अर्धलीनं हायेत.” मग माझ्याकडे बघून तिनं समजावलं, “आमी सांभाळायच्या. व्यालेल्या करडातलं एक त्यांचं, एक माझं. ती मान्सं तिकडं कोयता चालिवत्यात, हितं त्यांच्या शेळ्या मी बघते. असंच चालत आलंय.”

मी तिला मोबाईलवर माझा फोटो दाखवला आणि हे झुडूप ओळखता का विचारलं. तिनं फोटो पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि काठीनं शेजारच्याच झुडपाला टोचलं.

“ही का? ही लालजिभी. कावून इचारता?”

 नाव होतं. साधं, रोजचं, तोंडात बसलेलं नाव. मी डिसेंबरात खालूनच फोटो काढून न परतता वीस मिनिटं वर चढून आले असते तर मला तेव्हाच मिळालं असतं.

“लालजिभी का म्हणता?” मॅडमनी विचारलं. एव्हाना रफिकभाईंनी मागं जाऊन त्यांना खांद्याचा आधार देत वर आणलं होतं.

केसरबाईनं शेजारच्या झुडपाची एक फांदी मोडली. तिला शेंगेसारखी बारीक, गाठीगाठीची फळं होती. बरीच उन्हात उकलली होती आणि आत लालभडक, नारिंगीकडे झुकणारा गर दिसत होता. तिनं एक फळ मॅडमच्या तळहातावर ठेवलं. “ही बघा जीभ.”

त्यानंतरचा पाऊण तास मी कधी विसरणार नाही. मॅडम दगडावर बसल्या, पिशवीतून भिंग काढलं आणि एकेक प्रश्न विचारायला लागल्या. झाड ओळखायची ही पद्धत मला माहीत नव्हती. आधी नाव शोधायचंच नाही. एक प्रश्न, दोन वाटा, त्यातली एक बंद करायची आणि पुढं जायचं. पानं समोरासमोर की एकाआड एक? एकाआड एक. काटे? नाहीत. कोवळ्या फांदीला पीठ लावल्यासारखं काही? हो, आहे. पाकळ्या किती? वरच्या एका झुडपावर अजून दोन-चार उशिराची फुलं होती, मी मोजल्या, चार. पुंकेसर? चार. ते लांब दोरे म्हणजे हेच. आणि मधे एक नळी, मधाची. भिंगातून पाहिली तेव्हा मी चक्क ओरडले.

“आणि शेळ्या खातात?” मॅडमचा हा प्रश्न कुठल्या पुस्तकात नसावा.

“खात्यात म्हंजे?” केसरबाई म्हणाली. “चैत-वैशाखात हितं दुसरं हिरवं असतंय का काय? गवत संपलं की ह्याच्यावरच निघतंय समदं. कडूच पाला, पर खात्यात.”

मॅडमनी भिंग मिटलं. “कॅडाबा. कॅडाबा फ्रूटिकोसा. माळावरच्या काटेरी, बिनपानाच्या नेपतीच्या कुळातली, तिची चुलतबहीण म्हणा.” मग माझ्याकडे वळल्या. “विदेशी नाही. इथलीच आहे. आणि सुवर्णा, तुम्हाला ऐकायला आवडणार नाही, पण दुर्मीळही नाही. कोरड्या मुलखात जागोजाग सापडते.”

मला खरंच रडू यायला लागलं. तीन दिवसांची रजा, एसटी, जीप आणि हाती काय, तर जागोजाग सापडते. असा कागद दाखवला तर सरपंच आनंदानं उरलेला उतारही मोकळा करतील. मी तसं बोलूनही दाखवलं.

मॅडम भडकल्या. “दुर्मीळ नाही म्हणजे फालतू झाली का? ज्वारी दुर्मीळ आहे? मग उपटून टाका ज्वारी! एखादी गोष्ट संपत आल्याशिवाय तिला किंमतच द्यायची नाही, हे कुठलं शहाणपण?”

केसरबाईला आमच्या बोलण्यातलं किती कळलं कोण जाणे, पण तिनं मान हलवली. “ग्रामसभा उंद्या सकाळी हाय,” ती म्हणाली. “मी येनार हाय. तुमी या.”

रात्री आम्ही शिरूर कासारलाच मुक्काम केला. मॅडमचा गुडघा सुजला होता. त्यांनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही आणि मलाही काढू दिला नाही.

ग्रामसभा समाजमंदिरात होती. जेमतेम पंचवीस माणसं. सरपंच तरुण, इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. मी त्यांना खलनायक करणार नाही, कारण ते तसे नाहीत. गावात झाडं असावीत असं त्यांना मनापासून वाटतं आणि त्यात चूक काही नाही. आम्हाला चहा सांगितला, खुर्च्या दिल्या. मग मोबाईल पुढं केला.

“ताई, हे तुमीच लिवलंय न्हवं?”

मी माझं वाक्य सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. ‘या झुडपाला गावात कुणीच ओळखत नाही.’ आणि म्हटलं, “हे मी लिहिलं आणि हे खोटं आहे. मी तीन माणसांना विचारलं होतं. एकाही बाईला विचारलं नव्हतं.”

“पर ताई, आमी तर समद्यांला इचारलं. ऊसतोडीला गेलेत त्यांला बी. तुमचाच फोटू टाकलता. ही बघा उत्तरं.” खरंच होती. न्हाई पाह्यलं. आपल्याकडलं न्हाई. माहीत न्हाई. पंधरा-वीस तरी असतील. “येकजन बी हो म्हणला न्हाई.”

  केसरबाई मात्र माझ्याकडे पाहून हसत होती. तिनं कमरेचा मोबाईल काढला, रफिकभाईंकडे दिला आणि म्हणाली, “वंदनीला लावा. तोंड दिसतंय तसला.”

वंदना तिची सून. स्क्रीनवर आधी ऊस दिसला, मग डोक्याला फडकं बांधलेलं एक घामेजलेलं तोंड.

“काय ओ आत्या? फडात हाय मी.”

केसरबाईनं आधी माझा फोटो दाखवायला लावला. वंदनानं डोळे बारीक केले. “परवा बी इचारलं न्हवं ह्ये? न्हाई ओ माहीत. कुठलं फूल हाय?”

सरपंचांनी हात पसरले, बघा म्हणून. मग केसरबाईनं पदराआडून कालची फांदी काढली आणि उकललेलं फळ मोबाईलसमोर धरलं.

“अगं बया! लालजिभी!” वंदना एवढ्या जोरात ओरडली की तिच्यामागून अजून तीन-चार तोंडं स्क्रीनमध्ये घुसली. “लालजिभीला काय झालं? कुणी उपाटली?”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मला वाटतं सरपंचांच्याही. लालजिभी फुलते दिवाळीनंतर, ही माणसं गेल्यावर. ती परत येतात तेव्हा फुलं गळून गेलेली असतात, उरतात पानं आणि सुकलेल्या, उकललेल्या शेंगा. जी माणसं वर्षातले निम्मे महिने या डोंगरावर शेळ्या चारतात, त्यांनी हिचं फूल कधी धड पाहिलेलंच नाही. गावानं चूक केली ती एवढीच, की घरी नसलेल्या माणसांना घरी नसतानाच्या काळातली गोष्ट विचारली. आणि तो फोटो माझा होता.

फडातून एका पुरुषाचा आवाज आला. “सरपंच हायेत का तिथं? ओ दादा, आमी येईस्तवर हात लावायचा न्हाई. शेळ्या काय खातील वैशाखात, तुमचे खड्डे?”

समाजमंदिरात हशा पिकला. सरपंच लाल झाले. “आरं पर रोपं येनार हायेत, ती कुठं लावू?”

“तळ्याच्या कडंला लावा की. तिथं पानी बी घालता येतंय,” वंदना म्हणाली. “डोंगरावर कोन घालनार हाय? आमीच नं? आमी हितं हाय!”

मॅडमनी उठून झुडपाचं नाव, कूळ आणि वर्णन एका कागदावर लिहून सही करून दिलं. ‘दुर्मीळ नाही’ हेही लिहिलं, मी डोळ्यांनी खुणावत असताना लिहिलं. खाली एक ओळ वाढवली, ‘स्थानिक नाव लालजिभी, माहिती केसरबाई यांनी दिली.’ सरपंचांनी कागद दोनदा वाचला. मग वहीत ठराव लिहून घेतला, मंडळी येईपर्यंत मशीन बंद.

 परतीच्या वाटेवर रफिकभाई म्हणाले, “ताई, मी बी जल्मापासून ह्याच जिल्ह्यात हाय. मला बी नाव माहीत न्हवतं.” मला जरा बरं वाटलं.

हे लिहायला मी मुद्दाम एप्रिल संपायची वाट पाहिली. ऊसतोडीची मंडळी आली, पुन्हा सभा झाली. रोपं तळ्याच्या कडेला लागणार आहेत, खड्डे तिकडे घेतलेत. वरचा उतार तसाच राहिला. खालच्या पट्टीतली झुडपं गेली ती गेली. त्यांचं वाईट वाटणं थांबलेलं नाही आणि थांबावं असं मला वाटतही नाही.

डिसेंबरच्या लेखातलं ते वाक्य मी काढलेलं नाही. त्यावर आडवी रेघ मारून तसंच ठेवलंय, दिसू दे सगळ्यांना. खाली लिहिलंय, ‘लालजिभी. ओळखणाऱ्या, केसरबाई.’

आता तुमच्यातले बरेच जण विचारणार की गाव कुठलं, उतार नेमका कुठं, नकाशावरची खूण पाठवा. नाही पाठवणार. बीड जिल्ह्यात या, भरपूर या, हुरडा खा, डोंगर बघा, राहा. पण लालजिभी बघायची तर तिच्यासाठी माझ्या उतारावर यायची गरज नाही. मॅडमनी सांगितलंच आहे, ती जागोजाग आहे. तुमच्या स्वतःच्या गावच्या माळावरही असेल. तिथं जा, आणि फुलाचा फोटो काढायच्या आधी शेळ्यांमागची बाई शोधा.

काल वंदनाचा व्हिडिओ आला. कडक उन्हात पिवळा पडलेला डोंगर, त्यावर हिरवे ठिपके आणि प्रत्येक ठिपक्यापाशी मागच्या पायांवर उभी राहिलेली एकेक शेळी. मागून केसरबाईचा आवाज येतो, “पुण्याच्या बाईला सांग, हिला अजून फुलं न्हाईत म्हणावं. दिवाळी झाल्यावर ये, आन् ह्या खेपेला वर चढून ये.”

मी दिवाळीनंतरची रजा आत्ताच टाकलीय. शेजारच्या टेबलावरच्या बाई बघत होत्या, पण तिथं काय आहे हे त्यांनी या वेळी विचारलं नाही.